अन्नांतील जंतूंची नवी पारख

आमच्या कन्हेरीस पहाटे पांचच्या सुमारास दुधाच्या कॅनांचा खडखडाट सुरू होतो, आणि त्यानेंच निम्मा गांव जागा होतो. बारामती आणि इंदापूर हे तालुके पूर्वीं नीरेच्या डाव्या कालव्याचे आणि उसाचे म्हणून ओळखले जात. आज ते तितकेच दुधाचे झाले आहेत. संकलन केंद्रावर कॅन आला कीं तेथील पोरगा प्रथम झांकण काढून वास घेतो, मग यंत्रावर फॅट आणि डिग्री पाहतो, आणि मगच दूध थंड टांकींत ओततो. तुमच्या पुण्यामुंबईच्या घरांतही याहून फारसें निराळें घडत नाहीं. पिशवी फोडतांच गृहिणी ती नाकाजवळ नेते; तापवितांना दूध फाटलें तर ‘नासलें’ म्हणून बाजूला करते. नाक, जीभ आणि डोळा हीं मानवाचीं फार प्राचीन परीक्षायंत्रें होत, आणि त्यांनीं आपलें काम बहुधा चोख केलें आहे.

बहुधा, असें मीं म्हटलें. कारण आजचा विषय या ‘बहुधा’च्या पलीकडचा आहे. दूध आंबविणारे, भाजी सडविणारे जे जंतु आहेत ते आपल्या कर्माची दवंडी स्वतःच पिटतात. आंबूस वास येतो, वरणाला फेंस येतो, भाताला तार सुटते, आणि आपण सावध होतों. असले जंतु तसे प्रामाणिकच म्हणावयाचे! परंतु जे जंतु माणसाला अंथरुणाला खिळवितात, त्यांपैकीं पुष्कळांस अन्नाची चव बिघडविण्याची मुळींच हौस नसते. साल्मोनेला नांवाचा जंतु अंड्यांत वा कोंबडीच्या मांसांत असला तरी त्याचा वास येत नाहीं. लिस्टेरिया नांवाचा दुसरा जंतु तर आपल्या फ्रिजमधल्या थंडींतसुद्धां हळूहळू वाढत राहतो, आणि गर्भवती स्त्रीच्या पोटांत गेला तर गर्भाला अपाय करितो. अन्न दिसावयास उत्तम, चवीला उत्तम, आणि पोटांत गेल्यावर घात, असा हा प्रकार आहे. तेथें आपलें नाक निरुपयोगी ठरतें. त्यासाठीं गेल्या चाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं एक नवें नाक घडविलें आहे. त्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

मी स्वतः शास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक. जन्मभर खडू झिजविलेला पंतोजी. या विषयाकडे मी वळलों तो एका प्रसंगामुळें, आणि तो प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

साधारण अठरा वर्षें झालीं. मी तेव्हां एका लहान गांवच्या शाळेंत मुख्याध्यापक होतों. शाळेचें नांव सांगत नाहीं. मुलांना दुपारीं खिचडी मिळे. ती शिजविणाऱ्या बाईंना मुलें मावशी म्हणत, म्हणून आम्हीही मावशीच म्हणत असूं. त्या दिवशीं खिचडी नेहमींपेक्षां पुष्कळ लवकर, सकाळीं सातलाच शिजली होती. पातेलें झांकून व्हरांड्यांत ठेवलें होतें, आणि वाढली ती साडेबाराच्या नंतर. तीन वाजावयाच्या आंत पहिलीच्या वर्गांतलें एक पोर ओकूं लागलें. मग दुसरें, मग तिसरें. चार वाजेपर्यंत सतरा मुलें झालीं. आम्ही त्यांना मिळेल त्या वाहनांतून आरोग्य केंद्रावर नेलें. परमेश्वराची कृपा, रात्रीं आठपर्यंत सगळीं हिंडूंफिरूं लागलीं. परंतु तोंवर गांवांत एक वार्ता पसरली होती कीं खिचडींत पाल पडली. पाल कोणीं पाहिली, असें विचारीत गेलें तर जो तो दुसऱ्याचें नांव सांगे. पण वार्ता कांहीं थांबली नाहीं. तिसऱ्या दिवशीं समितीची सभा झाली आणि मावशींना कामावरून कमी करण्याचा ठराव झाला. उरलेल्या खिचडीचा नमुना तपासणीस गेला होता, त्याचा अहवाल आला तीन आठवड्यांनीं. तोंवर मावशी गांव सोडून लेकीकडे गेल्या होत्या.

त्या अहवालांत काय होतें तें मी पुढें सांगेन. आधीं, उत्तर मिळावयास इतका वेळ कां लागतो तें पाहूं. कागदपत्रांच्या प्रवासांत दिवस जातात हें खरें. परंतु मूळ परीक्षाच मुळीं संथ असते.

जंतु अतिशय लहान असतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तो दिसतो, पण नुसत्या रूपावरून त्याची जात ओळखणें अवघड; चांगला जंतु आणि वाईट जंतु दोघेही तेथें लहानशा काडीसारखेच दिसावयाचे. म्हणून जंतुशास्त्रज्ञांनीं युक्ति काढली ती शेतकऱ्याची. बीं ओळखतां येत नसेल तर तें पेरावें, आणि काय उगवतें तें पाहावें! जर्मनीमध्यें रॉबर्ट कॉख या थोर शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत हें शेत प्रथम जिलेटिनावर करीत. पण उन्हाळ्यांत जिलेटिन वितळून जाई. त्या प्रयोगशाळेंत वॉल्टर हेसे नांवाचे एक डॉक्टर काम करीत असत. त्यांची पत्नी फॅनी हेसे ही स्वयंपाकघरांत जेली करितांना अगर वापरीत असे. जावा बेटांत राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून ती हें शिकली होती. १८८१ सालीं तिनें पतीस सुचविलें कीं जिलेटिनाऐवजीं हें अगर घेऊन पाहावें. तें उष्ण्यानें पातळ होत नाहीं. आपल्याकडे फालुद्यांत आणि पुडिंगांत घालतात तो चायना ग्रास म्हणजे तेंच. आज जगांतील एकूणएक जंतुप्रयोगशाळा त्या बाईच्या स्वयंपाकघरांतील पदार्थावर चालतात, आणि तिचें नांव मात्र पाठ्यपुस्तकांत मला कधीं आढळलें नाहीं. १८८७ मध्यें पेट्री या गृहस्थानें झांकणाची चपटी बशी केली. तिचें नांव सर्वांस ठाऊक आहे. असो.

ही शेतीची पद्धति अतिशय भरंवशाची आहे. आजही न्यायालयांत टिकावयाची ती तीच. परंतु शेताला वेळ लागतो. साल्मोनेला शोधावयाचा तर पहिला दिवस अन्नाचा नमुना पौष्टिक द्रवांत भिजवून ठेवण्याचा. दुसरा दिवस, इतर जंतूंना मारक आणि याला मानवेल अशा द्रवांत वाढविण्याचा. तिसरा दिवस बशीवर पेरण्याचा. त्यावर उगवलेल्या ठिपक्यांची खात्री करण्यास आणखी एक-दोन दिवस. म्हणजे चार-पांच दिवस झाले. आतां सांगा, ज्या खव्याचा नमुना सोमवारीं घेतला त्याचे पेढे शुक्रवारपर्यंत कोठें असतील? पिशवीच्या दुधाचें आयुष्यच दोन दिवसांचें. परीक्षेचा निकाल लागावयाच्या आधींच परीक्षार्थी पोटांत गेलेला असतो! अन्नाच्या परीक्षेंत वेळेला जें महत्त्व आहे तें याकरितां.

आतां नव्या पद्धतीकडे येऊं. माझी एक जुनी विद्यार्थिनी अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेंत काम करिते. मागील वर्षीं मी तिला म्हटलें, “अगं, तुझें तें रेणूंचें प्रकरण मला एकदां दाखीव.” ती म्हणाली, “गुरुजी, करोनाच्या वेळीं तुमच्या नाकांत काडी घालून आर-टी-पी-सी-आर केली होती ना? तीच ही परीक्षा. एवढेंच कीं येथें नाक दह्याचें असतें.” आणि मला घेऊन गेली.

तिनें सांगितलेलें मी माझ्या भाषेंत सांगतों. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याची एक वंशपोथी असते; तिला डी. एन. ए. म्हणतात. या पोथीची लिपि केवळ चार अक्षरांची आहे. पण या चार अक्षरांचा क्रम प्रत्येक जातीचा आगळा. साल्मोनेलाच्या पोथींत आंतड्याच्या पेशींत शिरकाव करून घेण्याची विद्या ज्या कलमांत लिहिली आहे, त्याला ‘इन्व्ह-ए’ असें नांव आहे. दुधांत, खव्यांत, मसाल्यांत असंख्य जंतूंच्या पोथ्यांचा ढीग असेल. त्यांत हें एक कलम सांपडलें कीं चोर सांपडला. जंतु उगवून त्याचें रूप पाहण्याची गरज नाहीं. त्याचें हस्ताक्षर ओळखलें म्हणजे झालें.

तें कलम ओळखावयाचें कसें? त्यासाठीं सुमारें वीस-वीस अक्षरांचे दोन लहान तुकडे कृत्रिम रीतीनें तयार करून नळींत घालतात; एक तुकडा कलमाच्या आरंभाशीं जुळणारा, दुसरा शेवटाशीं. वीस अक्षरांची नेमकी ओळ एखाद्या ठिकाणीं केवळ योगायोगानें जुळून येण्याचा संभव एक लाख कोटींत एक एवढाही नाहीं. चाराचा वीस वेळां गुणाकार करून पाहिल्यास कोणाही विद्यार्थ्यास हें पटेल. नळी प्रथम ९५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविली कीं पोथीचे दोन पदर सुटे होतात. मग ती साठ अंशांच्या आसपास निवविली कीं ते लहान तुकडे आपापली जागा शोधून चिकटतात. पुन्हां ७२ अंशांवर नेली कीं एक विशेष द्रव्य त्या तुकड्यापासून पुढें नवा पदर विणूं लागतें. एका फेरीनंतर त्या कलमाच्या एका प्रतीच्या दोन प्रती होतात. फेरी पुन्हां फिरविली कीं चार. मग आठ, सोळा, बत्तीस. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, अशी जी गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे, तीच येथें खरी होते. तीस फेऱ्या पुऱ्या झाल्या तर एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती व्हाव्यात असा हिशेब येतो. त्यांबरोबर चकाकणारें एक द्रव्य नळींत असतें. प्रती वाढतात तसा प्रकाश वाढतो, आणि यंत्राच्या पडद्यावर एक रेघ एकदम उभी राहते. हा सारा खेळ दीड-दोन तासांत संपतो. साल्मोनेला नसेल तर ती रेघ जमिनीलाच लोळत राहते.

ही कल्पना कॅरी मलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास १९८३ सालीं सुचली. रात्रीं मोटार हांकीत असतां ती सुचली असें तो सांगत असे. १९९३ सालीं तिच्यासाठीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मला स्वतःला मौज वाटली ती त्या विणणाऱ्या द्रव्याची. ९५ अंशांवर आपल्या शरीरांतील असलें कोणतेंही द्रव्य अंड्याच्या बलकासारखें गोठून निकामी होईल. हें होत नाहीं, कारण तें एका उष्णोदकवासी जंतूपासून मिळालेलें आहे. अमेरिकेंतील यलोस्टोन येथें, आपल्या वज्रेश्वरीसारखीं पण कितीतरी अधिक कढत कुंडें आहेत. तेथें थॉमस ब्रॉक आणि त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांस हा जंतु सांपडला आणि १९६९ सालीं त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेव्हां, कढत पाण्यांतल्या जंतूंचा अभ्यास करून जगाला काय मिळणार, असेंच कोणीही म्हटलें असतें.

एवढें पाहून मी म्हटलें, “मग काय! सकाळीं दूध आलें, दुपारीं निकाल.” त्यावर ती हंसली. येथून पुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटला, कारण जाहिरातींत तो कोणी सांगत नाहीं.

पहिली अडचण आहे ती गणिताची. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालीं दुग्धजन्य पदार्थांसाठीं जीं मानकें आहेत, त्यांत पंचवीस ग्रॅम नमुन्यांत साल्मोनेला असतांच कामा नये असें म्हटलें आहे. म्हणजे पंचवीस ग्रॅमांत एक जंतु असला तरी पदार्थ बाद. परंतु त्या परीक्षानळींत मावतो तो द्रवाचा एक थेंब, किंबहुना थेंबाहून कमी. त्या थेंबांत तो एकुलता एक जंतु नेमका येईल कशावरून? म्हणून पंचवीस ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर पौष्टिक द्रवांत घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवावाच लागतो. एकाचे कोट्यवधि झाले म्हणजे मग प्रत्येक थेंबांत त्यांची हजेरी लागते. म्हणजे जुन्या शेतीची पहिली पायरी सुटत नाहीं. सुटतात त्या पुढच्या. चार-पांच दिवसांचें काम दुसऱ्या दिवशीं होतें, आणि हेंही थोडें नव्हे.

दुसरी अडचण अन्नाची स्वतःची. दुधांतील कॅल्शियम, साय, चीजमधील स्निग्धांश, मसाल्यांतील रंगद्रव्यें हीं त्या विणणाऱ्या द्रव्याच्या कामांत अडथळा आणतात. जंतु असूनही रेघ उठत नाहीं, आणि आपण समजतों कीं सर्व ठीक. यावर उपाय म्हणून प्रत्येक नळींत एक मुद्दाम ठेवलेला तुकडा असतो, जो कोणत्याही परिस्थितींत वाढलाच पाहिजे. तो न वाढल्यास परीक्षाच रद्द. वर्गांत हजेरी घेतांना मी आरंभीं एका नेहमीं हजर असणाऱ्या मुलाचें नांव घेत असें. त्यानें ‘हजर’ म्हटलें नाहीं तर समजावें कीं आपलाच आवाज पोंचत नाहीं. तसाच हा प्रकार. शिवाय, ज्या जंतूची परीक्षा करावयाची त्याचा खात्रीचा वाण जवळ असावा लागतो. असे वाण जपून ठेवणारा एक मोठा संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आहे.

तिसरी अडचण सूक्ष्म आहे. पोथी वाचतां येते म्हणजे पोथीचा धनी जिवंत आहे असें नव्हे. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापविलें कीं रोगजंतु मरतात. पण मेलेल्या जंतूची पोथी कांहीं काळ तशीच राहते, आणि यंत्र तीही वाचतें. असल्या वेळीं निरपराध दुधावर दोष येईल. रात्रभर वाढविण्याची पायरी येथेंही उपयोगी पडते. कारण मेलेले वाढत नाहींत, जिवंत असतील तेच वाढून पुढें येतात. तरीसुद्धां यंत्रानें ‘आहे’ म्हटलें तर शहाणी प्रयोगशाळा तेवढ्यावर थांबत नाहीं. त्याच द्रवांतून बशीवर पेरून खात्री करून घेते. यंत्रानें ‘नाहीं’ म्हटलेलें मात्र बहुधा लगेच मानतात, आणि शंभरांतले बहुतेक नमुने ‘नाहीं’चेच असल्यामुळें खरी बचत तेथें होते.

या विद्येचा पुणें जिल्ह्याला नुकताच जो अनुभव आला तो पुष्कळांच्या स्मरणांत असेल. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गीयाँ-बारे नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराचे रोगी एकाएकीं वाढले. पुढें संशयितांची संख्या दोनशेंच्या वर गेली आणि कांहींजण दगावले. हातपाय लुळे पडूं लागतात, कधीं श्वासाचे स्नायूही थकतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत रोग्यांचे नमुने तपासले गेले, आणि कांहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतु, तर कांहींत नोरोव्हायरस हा विषाणु आढळला. हा कॅम्पिलोबॅक्टर दूषित पाण्यांतून, अर्धवट शिजलेल्या कोंबडींतून, कच्च्या दुधांतून पोटांत जातो. आपलें शरीर त्याच्याशीं लढावयास जें शस्त्र तयार करितें, तेंच कधीं कधीं आपल्या मज्जातंतूंवर उलटतें, कारण त्या जंतूच्या वेष्टनाचें आणि मज्जातंतूच्या वेष्टनाचें थोडें साम्य असतें. आतां गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, असें कीं हा जंतु पेरून उगवावयास फार नाजूक. साध्या हवेंतला प्राणवायु त्याला सोसत नाहीं. हवा पातळ करून, ४२ अंशांवर त्याची बडदास्त ठेवावी लागते. शिवाय जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनीं पाय लुळे पडणार. तोंवर जें खाल्लें-प्यालें त्याचा मागमूसही राहत नाहीं. असल्या जागीं जुनें शेत ओसाड राहण्याचा संभव मोठा, आणि पोथी वाचणारें यंत्र हाच आधार. त्या दिवसांत संशय मुख्यतः पाण्यावर होता. तरी कोंबडी खावी कीं न खावी, याचीच चर्चा घरोघर अधिक चालली होती. पाण्यापेक्षां कोंबडीवर आळ घेणें सोपें असतें.

आळ घेण्यावरून दुसरें एक उदाहरण सांगतों. तें जर्मनीचें आहे, पण त्यांतली वस्तु आपल्या रोजच्या भाजीची आहे. २०११ च्या मे महिन्यांत तेथें ई. कोलाय जंतूच्या एका उग्र जातीनें हाहाकार उडविला. रक्ताचे जुलाब, मग मूत्रपिंडें बंद. जवळजवळ चार हजार माणसें आजारी पडलीं आणि पन्नासांहून अधिक मेलीं. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांस बाजारांतल्या स्पेनच्या कांकड्यांवर ई. कोलाय आढळला, आणि त्यांनीं तसें जाहीर केलें. झालें! साऱ्या युरोपांत स्पेनच्या भाजीला कोणी हात लावीना. शेतकऱ्यांनीं कांकड्यांचे ढीग फेंकून दिले. थोड्याच दिवसांत रेणूंची परीक्षा पुरी झाली तेव्हां दिसलें कीं कांकडीवरचा जंतु आणि रोग्यांच्या पोटांतला जंतु यांचें आडनांव एक, पण कूळ वेगळें. कांकडी निर्दोष होती. खरा अपराधी निघाला तो मोड आलेल्या मेथीचा, आणि मागोवा पोंचला तो बहुधा इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. येथें एक सांगितलें पाहिजे कीं कांकडीला सोडविलें यंत्रानें, पण मेथी शोधली ती माणसांनीं. कोण कोठें जेवला, ताटांत काय होतें, हें घरोघर आणि उपाहारगृहांत विचारून, वहींत लिहून, तुलना करून ती सांपडली. बियांत जंतु शेवटपर्यंत हातीं लागला नाहीं. यंत्राच्या भक्तांनीं ही गोष्ट विसरूं नये असें मला वाटतें. मोडाच्या मेथीची उसळ करणाऱ्यांनींही भ्यावयाचें कारण नाहीं. आपण ती शिजवितों, तिकडे ती कच्ची खातात.

लहान, बॅटरीवर चालणारीं यंत्रेंही आतां निघालीं आहेत. गोव्यांत तयार होणारें ट्रुनॅट हें यंत्र क्षयाच्या तपासणीसाठीं आरोग्य केंद्रांपर्यंत पोंचलें आहे, आणि करोनांतही त्याचा उपयोग झाला. जपानमध्यें २००० सालच्या सुमारास अशी एक रीत निघाली कीं नळी तापविण्या-निवविण्याची उठाठेव नको. साठ-पासष्ट अंशांच्या एकाच उष्णतामानावर प्रती वाढतात. उद्यां असलें यंत्र दुधाच्या संकलन केंद्रावर दिसलें तर मला आश्चर्य वाटणार नाहीं. परंतु तें आलें म्हणून मिथिलिन ब्ल्यूची जुनी नळी फेंकून द्यावी या मताचा मी नाहीं. निळा रंग दुधांत घालून ठेवावा. जंतूंची गर्दी असेल तर अर्ध्या तासांत रंग उडतो, दूध स्वच्छ असेल तर पांच तासांनींही निळेंच राहतें. हें कोणता जंतु तें सांगत नाहीं. पण गोठ्यांत हात धुतले कीं नाहीं, तें बिनचूक सांगतें, आणि अत्यंत स्वस्तांत.

आतां त्या अहवालाकडे वळतों. अठरा वर्षांपूर्वीं तो आला तेव्हां मीं वाचला, त्यांतील लॅटिन नांव मला कळलें नाहीं, आणि मीं तो कागद फायलीला लावून टाकला. प्रकरण मिटलें होतें, असें मीं मनाशीं म्हटलें. त्याची एक प्रत मजजवळ राहिली होती. ती मीं प्रयोगशाळेंतून निघतांना माझ्या विद्यार्थिनीच्या हातीं दिली. तिनें वाचून विचारलें, “गुरुजी, ही खिचडी शिजली किती वाजतां आणि वाढली किती वाजतां?”

अहवालांत बॅसिलस सिरीयस नांवाचा जंतु मोठ्या संख्येनें आढळल्याचें लिहिलें होतें. हा जंतु मातींत असतो, आणि तांदळाबरोबर सहज घरांत येतो. त्याचें बीज इतकें चिवट कीं उकळत्या पाण्यांतही मरत नाहीं. भात शिजतो, बाकीचे जंतु मरतात, आणि मग पातेलें कोमट होऊं लागलें कीं या बीजांना रान मोकळें. पांच-सहा तासांत ते वाढतात, आणि त्यांतल्या कांहीं जाती एक विष तयार करितात. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात आणि दिवसाभरांत माणूस बहुधा बरा होतो. तें विष तयार झाल्यावर अन्न पुन्हां उकळलें तरी जात नाहीं. म्हणजे अन्न पुन्हां तापविलें तर पुष्कळसे जंतु मरतील, विष मात्र राहील. असल्या प्रसंगीं पोथी वाचणारें यंत्र मेलेल्या जंतूचीही पोथी वाचतें हा जो त्याचा दोष म्हणून मीं मघाशीं सांगितला, तोच गुण ठरतो. विष करण्याची विद्या ज्या कलमांत आहे तें त्यास सांपडतें. अर्थात् विद्या अवगत आहे म्हणजे ती त्या दिवशीं वापरली असें सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं विषाची परीक्षा निराळी. तें ती मला दोनदां बजावून म्हणाली. तरी पण असलें उत्तर दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मिळूं शकतें. आमची सभा तिसऱ्या दिवशीं होती.

खिचडी सातला कां शिजली, तें मीं आरंभीं सांगितलें नाहीं. त्या दिवशीं शाळेची तपासणी होती. साहेब येतील तेव्हां चूल, धूर, भांड्यांचा पसारा दिसूं नये म्हणून स्वयंपाक लवकर उरकून घ्या, असें मावशींना मींच सांगितलें होतें. साहेब आले बाराला आणि गेले साडेबाराला, म्हणून वाढावयास उशीर झाला. मावशी म्हणाल्या होत्या, “गुरुजी, गरम गरमच बरी असती खिचडी.” मीं ऐकलें नाहीं. सभेंत त्यांच्यावर आळ आला तेव्हां मी हें बोललों नाहीं, कारण वेळेचा आणि ओकारीचा कांहीं संबंध असेल असें माझ्या मनांतही आलें नव्हतें. कीं आलें होतें आणि मीं तें दाबून टाकलें, तें आज मला सांगतां येत नाहीं. ठरावावर माझी सही आहे.

गेल्या दिवाळींत मी इंदापूर तालुक्यांत त्यांच्या लेकीच्या घरीं जाऊन आलों. मावशी आतां थकल्या आहेत. ऐकूं थोडें कमी येतें. मीं अहवालाचा कागद काढला, तो त्यांनीं उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. मग मीं जंतूचें, तांदळाचें, पातेलें व्हरांड्यांत कोमट राहिल्याचें सगळें सांगितलें. खिचडी लवकर करावयास मीं सांगितलें होतें आणि त्यानेंच हें झालें, असेंही सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. लेकीनें चहा आणून ठेवला. मग त्यांनीं विचारलें, “म्हंजी पाल नव्हती ना, गुरुजी?” नव्हती, असें मीं सांगितलें. त्यांनीं पुन्हां तेंच विचारलें, आणि लेकीकडे पाहिलें. मीं पुन्हां, या वेळीं मोठ्यानें सांगितलें कीं पाल नव्हती.